हौदातला पाट

१

डॉ. ज्योतीराम चौगुले यांचा चेहरा इतका ठेचला होता, की ओळख मनगटावरच्या घड्याळावरून पटवावी लागली. पहिल्या घावातच जीव गेला असणार. पुढचे सात-आठ घाव नुसत्या रागाचे होते. जबडा निखळून गळ्यावर आला होता आणि पिंजऱ्यांच्या खालच्या फळीवर दोन दात पडले होते. वरच्या जाळ्यांना नाकं लावून पांढरे उंदीर वास घेत होते.

सहायक पोलीस निरीक्षक निलोफर आतार दारातच उभी राहिली आणि आधी सगळी खोली नजरेखालून घातली. मधोमध कमरेइतका उंच गोल हौद, त्यात दुधासारखं पांढरं पाणी. चार भिंतींवर मोठ्या काळ्या खुणा: चांदणी, त्रिकोण, चौकोन, फुली. दाराशेजारी खिळ्याला कागदांची चळत टांगलेली होती. छापील आकड्यांवर लाल पेनाने काट मारून शेजारी दुसरे आकडे लिहिले होते, आणि तळाला निळ्या शाईत सही, आजची तारीख, दुपारची सव्वा वाजताची वेळ. गणिताच्या वह्या तपासल्यासारखं दिसत होतं.

चाकणच्या या पट्ट्यात चहूकडे गाड्यांचे सुटे भाग बनतात. ही कंपनी मात्र मेंदूवरची औषधं उंदरांवर तपासायची. काही उंदरांना असं इंजेक्शन द्यायचं, की त्यांच्या मेंदूचं भास होणाऱ्या, आवाज ऐकू येणाऱ्या माणसासारखं व्हावं. मग नवं औषध देऊन त्यांची बिघडलेली आठवण ताळ्यावर येते का, ते बघायचं. चौगुले या कामाचे प्रमुख होते.

गुन्हेगार शोधायची गरजच नाही असं सगळ्यांचं मत होतं. उंदरांची निगा राखणारा भिवा तीन वाजता रक्ताने माखलेला बाहेर आला होता. त्याला बारा वर्षांपासून भासांचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, हे अख्ख्या कंपनीला ठाऊक. शिफ्ट सुटण्याची वेळ होती. दहा मिनिटांत कामगारांनी त्याला हेल्मेटने आणि सेफ्टी बुटांनी तुडवून काढला. डोक्याला नऊ टाके, दोन बरगड्या मोडलेल्या. त्याचा व्हिडिओ एव्हाना भोसरीपर्यंत पोहोचला होता.

ठाण्यातल्या साहेबांचा फोन आला. सातपर्यंत कबुली घ्या, उघडं प्रकरण आहे, म्हणाले. प्रश्न विचारायच्या आधी उत्तर सांगणाऱ्या माणसांचा निलोफरला मनापासून तिटकारा होता, मग ते साहेब का असेनात.

"मॅडम," हवालदार ज्ञानेश म्हणाला, "सगळं ठीक आहे, पण मारलं कशाने? सगळी इमारत पालथी घातली. हत्यारच नाही."

२

भिवा कंपनीच्या प्रथमोपचार खोलीत पडला होता. एक डोळा पूर्ण मिटलेला. निलोफर स्टूल ओढून बसली तसा तोच आधी बोलला.

"मीच मारलं आसंल, ताई. आवाज म्हनत हुता मार म्हनून. दोन दिस म्हनतोय."

"मारताना आठवतं का, भिवाभाऊ?"

"न्हाई. सायेब पडल्यालं आठवतंय. मी उचलाया गेलो, तर हातात समदं रगात आलं."

"मग मारलं कशावरून?"

"समदी म्हनत्यात." त्याने उघड्या डोळ्याने छताकडे पाहिलं. "आन माज्या डोस्क्यावर इस्वास कसा ठिवायचा?"

निलोफरने त्याला सकाळपासूनचा दिवस सांगायला लावला. तो अडखळत, पण न चुकता सांगत गेला. साडेनऊला डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याने आणि दिव्यामॅडमने हौदातला पाट चांदणीकडून काढून त्रिकोणाकडे ठेवला. डॉक्टर साडेबारापर्यंत एकटेच उंदीर पोहवत बसले. जेवणानंतर त्यांनी केबिनमधून कागद दिले, ते भिवाने दीड वाजता खिळ्याला टांगले. मग पिंजरे धुवायला गेला, आणि तीनला परत आला तर हे असं. पाट म्हणजे काय, हे निलोफरला तेव्हा कळलं नाही. तिने शब्द तेवढा लिहून घेतला.

दाराबाहेर त्याची बायको शालनबाई भिंतीला टेकून उभी होती. डोळे कोरडे. निलोफरला वाटलं ही पाया पडेल, नवऱ्याला सोडा म्हणेल. झालं भलतंच.

"त्यांला आतच ठिवा, म्याडम," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन दिस गोळ्या घेतल्या न्हाईत. डबल ड्यूटी हुती, झोप येती म्हनून. मी पाकीट बगितलंय. त्यांनीच केलं आसनार."

निलोफरचा धाकटा मामा असाच होता. मोहल्ल्यात काहीही हरवलं की आधी त्याला झोडपायचे, आणि शेवटी शेवटी तोच म्हणायचा, मीच घेतलं असेल. या माणसाला सातच्या आत सही करायला लावणं सोपं होतं. हात धरावा लागला नसता. पेन दिलं असतं तरी त्याने केली असती.

ती उठली तेव्हा घड्याळात साडेचार झाले होते.

३

दीड ते तीनच्या दरम्यान त्या मजल्यावर भिवाखेरीज तिघं होती. मजल्यावर कॅमेरे नव्हते. उंदरांची चित्रं बाहेर जातील या भीतीने कंपनीने ते फाटकापुरतेच ठेवले होते. आत जाताना अंगावर चढवायचे कागदी झगे बाहेर पडताना भट्टीत टाकायचे, म्हणजे रक्ताचे कपडेही गेलेच.

पहिला इनायत, एसी दुरुस्त करणारा. महिन्यापूर्वी चौगुल्यांनी चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली होती. कारण विचारलं तर तो कडवट हसला.

"आत लाल दिवा असतो, मॅडम. मला त्यात स्क्रू दिसेना, म्हणून मोठी लाइट लावली. डॉक्टर म्हणाले, आठ आठवड्यांचं काम बुडवलंस. उंदरांची रात्र मोडली म्हणे. मी माणूस आहे, मला अंधारात दिसत नाही, यात माझी काय खता?" आज तीनला आरडाओरडा झाला तेव्हाही पांढरा दिवा त्यानेच लावला होता, हे त्याने आपणहून सांगितलं.

दुसरी दिव्या, डॉक्टरांची मदतनीस. हिचंही डॉक्टरांशी वाजलं होतं. तिला नोकरी सोडायची होती आणि ते कामावरून मोकळं केल्याचं पत्र देत नव्हते. रडून तिचे डोळे सुजले होते. लाल दिव्याचं कोडं तिनेच सोडवलं. उंदीर रात्री जागे असतात आणि माणसं दिवसा कामाला येतात. म्हणून त्या खोलीत दिवसा रात्र करायची. लाल उजेड उंदरांना जवळजवळ अंधारच, भिंतीवरच्या मोठ्या खुणा कळण्यापुरता. दिवसा पांढरा दिवा लावणं हे तिथलं सर्वांत मोठं पाप. खोलीतलं उजेड मोजणारं यंत्र बघून तिने सांगितलं, आज पांढरा दिवा एकदाच लागला, तीन वाजून बारा मिनिटांनी. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. डॉक्टरांची काळी वही, सकाळच्या सगळ्या नोंदींची, कुठेच नव्हती.

तिसरा प्रज्वल. रावेतला राहणारा, तिशीतला, कपड्यांची घडी न मोडलेला. गेले दोन महिने उंदरांच्या पोहण्याच्या नोंदी त्याच्याच हाताखाली होत होत्या, आणि त्यांच्या जोरावर त्याचं परदेशातल्या प्रयोगशाळेत जायचं ठरत होतं. आज त्याची दुसरी शिफ्ट. फाटकातून एक पन्नासला आत आला. कँटीन, मग कॉम्प्युटरची खोली. अंधाऱ्या खोलीत आज पाऊलही टाकलं नाही, म्हणाला.

"डॉक्टरांशी वाद?"

"उलट, खूश होते ते. आजच माझ्या सगळ्या शीट्सवर सही केली त्यांनी. एकही करेक्शन न करता. तिथे टांगल्यात, बघा ना तुम्ही."

निलोफर त्याच्याकडे बघत राहिली. लाल पेनाने नांगरून काढलेले ते कागद तिने दोन तासांपूर्वी डोळ्यांनी पाहिले होते. चोराच्या मनात चांदणं असतं, चोर खोटं बोलतो, हे सगळं ठीक. पण इतका हुशार माणूस उघड्या भिंतीवर टांगलेल्या गोष्टीबद्दल खोटं कशाला बोलेल? त्याला बाहेर बसवून ती दिव्याला घेऊन परत त्या खोलीत गेली.

४

प्रेत हलवलं होतं. फरशीवर रक्ताचे डाग आणि खडूची रेघ उरली होती. निलोफरने सांगितलं, खून झाला तेव्हा जसा होता तसाच उजेड करा. पांढरा दिवा गेला, लाल लागला. डोळे सरावायला वेळ लागला. सगळं एकाच रंगाचं झालं होतं.

"पाट म्हणजे काय ते दाखवा," ती म्हणाली.

पाट हे भिवाचं नाव, मग सगळ्यांच्याच तोंडी बसलेलं. लोखंडी जड बूड, त्यावर दांडा, दांड्यावर तळहाताएवढी चकती. तो हौदात असा ठेवायचा की चकती पाण्याखाली बोटभर राहील. पाणी दुधाळ, त्यामुळे दिसत नाही. उंदराला पाण्यात सोडला की तो जीव खाऊन पोहतो, भिंतीवरच्या खुणा बघतो, आणि कधीतरी पाट सापडला की त्यावर चढून दम खातो. चार-पाच दिवसांत जागा पाठ होते. मग पाट हलवायचा. धड उंदीर नवी जागा एका सकाळीत शिकतो. इंजेक्शन दिलेला उंदीर जुन्याच जागी चकरा मारत राहतो. पाट तिथून गेलाय हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही. नव्या औषधाने तो शिकू लागतो, असा प्रज्वलच्या कागदांचा दावा होता.

"सकाळी शिकलेला एखादा धड उंदीर सोडा बरं."

दिव्याने शेपटीवर काळ्या शाईचे दोन पट्टे असलेला उंदीर उचलला आणि पाण्यात सोडला. तो घुटमळला नाही. सरळ रेघेत त्रिकोणाच्या बाजूला गेला, आणि तिथे थांबला. पाय मारत गोल फिरला. पुन्हा फिरला. नाक वर करून तो त्याच टीचभर जागेत शोधत राहिला, पण चढायला काही नव्हतं. त्याची दमछाक व्हायला लागली तशी दिव्याने त्याला काढून फडक्यात गुंडाळला.

"असं नाही होणार," ती म्हणाली. "आम्ही तिथेच ठेवला होता. मी आणि भिवाकाकांनी."

तिने बाही वर करून पाण्यात हात घातला. त्रिकोणाकडे काही नाही. मग चाचपडत ती पलीकडे गेली, चांदणीच्या बाजूला, आणि तिचा हात अडला. दोन्ही हातांनी तिने पाट वर काढला. निलोफरने बॅटरी मारली. वरून धुतलेला होता. पण बुडाच्या खालच्या कडेला, वेल्डिंगच्या खाचेत, चौगुल्यांच्या पांढऱ्या केसांचा पुंजका आणि कातडीचा तुकडा अडकला होता.

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच. अख्खी इमारत शोधली आणि हत्यार खोलीच्या मधोमध पाण्यात होतं.

ज्ञानेश टिपण लिहीत होता. महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघ मारायची त्याची सवय. त्याने पेन झटकलं, पुन्हा ओढलं.

"पेन संपलं वाटतं, मॅडम. रेघच उठत नाही."

निलोफरने त्याच्या वहीकडे पाहिलं. मग ती दाराशेजारच्या कागदांपाशी गेली आणि वरचा कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"पेन संपलेलं नाही," ती म्हणाली. "सगळ्यांना इथे बोलाव. भिवालाही. आणि दुसरा पाट असेल तर तो काढ. दिवा मात्र हाच राहू दे."

५

लाल उजेडात ती सगळी हौदाभोवती उभी राहिली. भिवाला दोन शिपायांनी धरलं होतं. शालनबाई दारात. घड्याळात साडेसहा झाले होते.

निलोफरने कुठे काय सापडलं ते सांगितलं. मग म्हणाली, "मारणाऱ्याने पाट धुतला आणि हौदात परत ठेवला. दिवा न लावता. इनायतभाईंना इथे स्क्रू दिसत नाही, ते हे करूच शकत नाहीत. हे इथे रोज काम करणाऱ्याचं काम आहे. खून करतानाही ज्याच्या हाताला उंदरांची रात्र मोडवली नाही, अशाचं. आणि त्याने पाट चांदणीकडे ठेवला, जुन्या जागी. सकाळी तो हलवलाय, हे त्याला माहीत नव्हतं."

प्रज्वल शांतपणे हसला. "मॅडम, एक सांगू? माझा विषय आहे हा. बिघडलेला मेंदू जुन्याच जागी जातो. नवी जागा सांगूनही जातो. आम्ही इथे रोज तेच बघतो. यावरून तर भिवाच ठरतो ना?"

भिवाने मान खाली घातली. "खरं हाय," तो पुटपुटला. "माजंच डोस्कं तसलं."

हे निलोफरच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि वाद बिनतोड होता. तिने दुसरा पाट उचलून भिवाच्या हातात दिला. पाच किलोचं लोखंड.

"भिवाभाऊ, डॉक्टर आता आत येणार आहेत असं समजा. पाट जागेवर ठेवा."

भिवा हौदापाशी आला. क्षणभर चांदणीकडे वळला. शालनबाईने तोंडाला पदर लावला. मग तो वाकला, बरगड्यांची कळ सोसत उलटा फिरला आणि पाट त्रिकोणाच्या बाजूला पाण्यात सोडला. हाताने चाचपून नीट बसवला.

"इथं हुता," तो म्हणाला. "सकाळीच बदलला."

"योगायोग," प्रज्वल म्हणाला. "कोर्टात चालणार नाही हे."

"नाही चालणार," निलोफरने मान्य केलं. तिने खिळ्यावरचे कागद काढून त्याच्या हातात दिले. "तुम्ही म्हणालात, सही आजची आहे आणि दुरुस्ती एकही नाही. नीट बघून सांगा."

त्याने कागद डोळ्यांजवळ धरून उलटले. "सांगितलं ना. सही आहे. करेक्शन नाही."

"इनायतभाई, मोठी लाइट लावा."

खटका वाजला. पांढऱ्या उजेडात प्रज्वलच्या हातातले कागद लालच लाल झाले. त्याच्या प्रत्येक आकड्यावर काट होती. दहा सेकंद, बारा सेकंद असं त्याने लिहिलं होतं, तिथे चौगुल्यांनी सकाळी स्वतः उंदीर पोहवून पाहून लिहिलं होतं: सापडला नाही. सापडला नाही. सोळापैकी चौदा उंदीर औषध घेऊनही जुन्याच जागी चकरा मारत होते.

"लाल उजेडात लाल शाई दिसत नाही," निलोफर म्हणाली. "इथे काम करताना तुम्ही काळंच पेन वापरता, आणि डॉक्टरांनी हे केबिनमध्ये तपासलं. तुम्ही खोटं बोलत नव्हता, प्रज्वल. तुम्हाला खरंच सही तेवढी दिसली होती. पण कागद भिवाने टांगले दीड वाजता, पांढरा दिवा लागला तीन बाराला, आणि त्यानंतर तुम्हाला आत सोडलेलंच नाही. मग या उजेडात ते कागद तुम्ही कधी पाहिलेत? वही नेलीत. हे कोरे वाटले, आणि तुमच्याच बाजूचे वाटले, म्हणून ठेवलेत."

प्रज्वलने कागद खाली टाकले आणि झडप घातली. त्याने दोन्ही हातांनी निलोफरचा गळा धरला आणि तिचं डोकं हौदाच्या काठावर आपटून पाण्यात दाबलं. तिच्या नाकातोंडात ते पिठूळ पाणी शिरलं. तिने कोपर मारलं, नखं मारली, पण पकड सुटेना. वरून काहीतरी ओरडणं ऐकू येत होतं. मग हाड मोडल्याचा आवाज आला आणि ती सुटली. ज्ञानेशने दंडुक्याने त्याच्या खांद्याचं हाड तोडलं होतं. तरी प्रज्वल लाथा झाडत होता. इनायत आणि दोन शिपाई त्याच्या छातीवर बसले तेव्हा कुठे तो थांबला.

निलोफर खोकत, ओकत उभी राहिली. कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. आणि तिला दिसला भिवा. तो कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा होता, आणि त्याने दोन्ही हात वर धरले होते, सगळ्यांना दिसतील असे.

तिला इतकं वाईट त्या प्रेताकडे बघूनही वाटलं नव्हतं.

६

वही कॉम्प्युटरच्या खोलीतल्या छताच्या पोकळीत सापडली. प्रज्वलने रात्रीतून सगळं सांगून टाकलं, ते पश्चात्तापाने नव्हे, चिडून. दोन वाजता डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. पाट पुसायला म्हणून त्यांनी पाण्यातून बाहेर काढला होता. तुझे आकडे बनावट आहेत, उद्या कळवतो, एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवली. गेल्या पाच दिवसांची रोजची सवय त्याच्या हातांत होती; नंतर पाट धुऊन त्याने न बघता ठेवला, तो चांदणीकडेच गेला.

तिसऱ्या दिवशी भिवाला दवाखान्यातून सोडलं. निलोफर स्वतः गेली. साहेबांनी भिवाची माफी मागावी असं तिने सुचवलं होतं, त्यावर साहेबांनी विषय बदलला होता. ती डोक्याला पट्टी बांधून फाटकाशी उभी राहिली.

शालनबाई त्याच्यापासून चार हात दूर चालत होती. मग तीच बोलली.

"म्याच म्हनले हुते, आत ठिवा म्हनून."

"ठावं हाय," भिवा म्हणाला. "मी बी तेच म्हनलो हुतो."

रस्त्यावर शेअर रिक्षा उभी होती, निम्मी भरलेली. भिवा जवळ गेला तसा एकाने मोबाइल काढला, स्क्रीनकडे आणि त्याच्या चेहऱ्याकडे आळीपाळीने पाहिलं. त्याने शेजारणीच्या कानात काही सांगितलं. ती लेकराला घेऊन उतरली. मग दुसरा उतरला. खरा खुनी सापडल्याची बातमी दोन दिवस सगळीकडे होती, पण लोकांनी तो आधीचा व्हिडिओच लक्षात ठेवला होता. भिवाचा हात रिक्षाच्या दांड्यावर तसाच राहिला. तो मागे सरकू लागला.

निलोफर संतापाने पुढे झाली, पण शालनबाई तिच्या आधी पोहोचली. ती रिक्षात चढून बसली आणि खाली उभ्या माणसांकडे बघून, आवाज न चढवता म्हणाली, "माजा मालक हाय ह्यो. त्यानं कुनाला मारलेलं न्हाई. यायचं आसंल तर या, न्हाईतर व्हा बाजूला."

कुणी आलं नाही. तिने हात पुढे केला, भिवाला वर ओढून शेजारी बसवलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चल बाबा, आमी दोगंच."

रिक्षा निघाली. कांद्याच्या ट्रकांच्या मागे ती दिसेनाशी होईपर्यंत निलोफर तिथेच उभी होती.